गणकयंत्र आणि संशोधकांची शाळा

नवें यंत्र हातीं आलें म्हणजे तें चालविण्याची विद्याहि आपोआप हातीं येते, असा एक समज सर्वत्र आढळतो. इतिहास पाहूं जातां तो खरा ठरत नाहीं. मुद्रणयंत्र आलें तरी वाचणारा वर्ग तयार होण्यासाठीं शाळा काढाव्या लागल्या. विजेवर चालणाऱ्या गणकयंत्राची गोष्टहि अशीच आहे. तें बनविणाऱ्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. परंतु तें वापरावें कसें, हें पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, ज्योतिष इत्यादि शास्त्रांच्या अभ्यासकांना ज्यांनीं प्रथम शिकविलें, त्यांची आठवण क्वचितच निघते. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत १९४९ ते १९५३ या अवधींत हें शिक्षण कसें उभें राहिलें, त्याची ही हकीकत आहे.

त्यापूर्वीं शास्त्रीय आंकडेमोड माणसेंच करीत असत. 'कॉम्प्यूटर' हा शब्द त्या काळीं यंत्राला नव्हे, तर पगार घेऊन आंकडेमोड करणाऱ्या माणसाला लावला जाई. संशोधकानें समीकरण मांडावें आणि मूठ फिरवून चालणाऱ्या यंत्रांवर गणकांनीं बेरजा-गुणाकार करून, ताळा पाहून, उत्तर आणून द्यावें, अशी कामाची विभागणी होती. केंब्रिज येथें १९३७ सालीं एक गणिती प्रयोगशाळा स्थापन झाली. विद्यापीठांतील संशोधकांना आंकडेमोडीचीं साधनें पुरवावीं, असा तिचा मूळ हेतु होता. दुसऱ्या महायुद्धांत ती सरकारी युद्धकार्यांत गुंतली, आणि १९४५ सालीं मॉरिस विल्क्स या बत्तीस वर्षांच्या शास्त्रज्ञाकडे तिची सूत्रें आलीं. विल्क्स यांनीं युद्धकाळांत रडारचें काम केलें होतें. त्यामुळें विजेचे सूक्ष्म स्पंद कसे निर्माण करावे व कसे मोजावे, हें त्यांना चांगलें अवगत होतें.

मे १९४६ मध्यें लेस्ली कॉम्री हे गणनतज्ज्ञ अमेरिकेचा प्रवास करून केंब्रिजला आले. त्यांच्याजवळ जॉन फॉन नॉयमन यांनीं लिहिलेलें एक टिपण होतें. यंत्रानें कोणतीं कामें कोणत्या क्रमानें करावीं याच्या आज्ञा आणि ज्यांवर कामें करावयाचीं ते आंकडे, हीं दोन्ही यंत्राच्या एकाच स्मृतींत सांठवावीं, हा त्या टिपणाचा गाभा होता. कॉम्री एक रात्रच मुक्कामाला होते, आणि नकला काढण्याचीं आजच्यासारखीं साधनें हाताशीं नव्हतीं. विल्क्स यांनीं रात्रीं जागून तें टिपण वाचून काढलें. त्याच उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथील मूर स्कूल या संस्थेनें गणकयंत्रांवर आठ आठवड्यांचा व्याख्यानवर्ग भरविला. बोटींत जागा मिळण्यास विलंब झाल्यामुळें विल्क्स तेथें पोंचले तेव्हां शेवटचे दोनच आठवडे उरले होते. तेवढ्यावर त्यांचें भागलें. 'क्वीन मेरी' या बोटीनें परततांनाच त्यांनीं आपल्या यंत्राचा आराखडा मांडावयास प्रारंभ केला.

या यंत्राचें नांव एड्सॅक. त्यांत सुमारें ३,००० व्हॉल्व्ह होते. त्याची स्मृति म्हणजे पाऱ्यानें भरलेल्या, सुमारें पांच फूट लांबीच्या नळ्या. पाऱ्यांतून ध्वनीचे स्पंद एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जात, तेथून विजेच्या रूपानें पुन्हां पहिल्या टोंकाशीं येत, आणि असे फिरत राहिले म्हणजे आंकडा 'लक्षांत' राही. आज्ञा व आंकडे कागदी पट्टीवर पांच ओळींत छिद्रें पाडून यंत्राला द्यावयाचे, आणि उत्तर टेलिप्रिंटरवर छापून यावयाचें. ६ मे १९४९ रोजीं या यंत्रानें ० पासून ९९ पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांचें कोष्टक बिनचूक छापून दिलें. सेकंदाला सहाशेंच्या आसपास आज्ञा पाळणारा हा सेवक होता. आजच्या खिशांतल्या दूरध्वनीपुढें हा वेग कांहींच नव्हे; पण ज्यानें हातानें मूठ फिरवून दिवसचे दिवस काढले होते, त्याला तो चमत्कार वाटला असल्यास नवल नाहीं.

यंत्र चालूं लागलें, आणि लगेच एक निराळीच अडचण उभी राहिली. जून १९४९ मध्यें विल्क्स यांनीं एअरी यांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक अवकल समीकरण सोडविण्यासाठीं १२६ आज्ञांची मालिका, म्हणजे आज्ञावली, तयार केली. वर्गांच्या कोष्टकाहून हें काम थोडें अवघड, एवढेंच. पण ती आज्ञावली कांहीं केल्या बिनचूक चालेना. आज्ञावलींतील चूक म्हणजे एखादा अपघात नसून या विद्येंतील तें नित्याचेंच काम आहे, ही जाणीव आपल्याला प्रयोगशाळेच्या जिन्यांत चढ-उतार करतांना झाली, असें विल्क्स यांनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. अनेक वर्षांनीं ती जुनी पट्टी सांपडली. तिची तपासणी झाली तेव्हां १२६ आज्ञांत वीसेक चुका आढळल्या. यंत्र रचणाऱ्या कुशल गणितज्ञाची ही स्थिति, तर मग ज्यानें आयुष्यभर बेडकाचे मज्जातंतु किंवा प्रथिनांचे स्फटिक तपासले, त्याची काय कथा?

येथें दोन मार्ग होते. संशोधकानें आपला प्रश्न कागदावर लिहून द्यावा आणि प्रयोगशाळेंतील तज्ज्ञांनीं त्याची आज्ञावली रचून उत्तर काढून द्यावें, हा पहिला मार्ग. जुन्या गणकांच्या काळीं हेंच चालत असे, आणि वरवर पाहतां तोच सोईचा होता. दुसरा मार्ग म्हणजे संशोधकालाच आज्ञावली रचावयास शिकवावें. यांत वेळ जाणार, चुका होणार, महागडें यंत्र नवशिक्यांच्या हातीं पडणार. तरीहि केंब्रिजनें मुख्यतः हा दुसरा मार्ग पत्करला. त्यामागें व्यवहाराची दृष्टि होती. प्रयोगशाळेंतील माणसें मोजकीं आणि विद्यापीठांतील प्रश्न असंख्य. शिवाय, उत्तर विश्वसनीय आहे किंवा नाहीं हें शेवटीं तोच ठरवूं शकतो, ज्याला प्रश्नाचा अर्थ ठाऊक आहे. परक्यानें रचलेल्या आज्ञावलींतून आलेला आंकडा हा ऐकीव साक्षीसारखा असतो. तो स्वीकारावा किंवा नाकारावा, एवढेंच ऐकणाऱ्याच्या हातीं राहतें.

शिकवावयाचें ठरल्यावर विषय सोपा करणें प्राप्त होतें. हें काम मुख्यतः डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधक विद्यार्थ्यानें केलें. यंत्राला केवळ शून्य आणि एक या दोन चिन्हांची भाषा कळते. माणसानें त्या भाषेंत लिहूं म्हटलें तर पावलापावलाला ठेंच लागावयाची. व्हीलर यांनीं ३१ आज्ञांची एक छोटीशी मूळ मालिका रचली आणि ती यंत्रांतच कायमची बसविली. यामुळें माणसानें बेरजेसाठीं 'ए', वजाबाकीसाठीं 'एस्' असें एकेक इंग्रजी अक्षर लिहावें, स्मृतींतील जागेचा क्रमांक नेहमींच्या दशमान अंकांत लिहावा, आणि त्याचें यंत्राच्या भाषेंतील रूपांतर यंत्रानेंच करावें, अशी सोय झाली. त्याच वर्षीं त्यांनीं ही मालिका सुधारून ४१ आज्ञांची केली. जें काम कंटाळवाणें आणि ठराविक आहे तें यंत्रावर सोंपवावें, आणि विद्यार्थ्याची बुद्धि त्याच्या प्रश्नासाठीं मोकळी ठेवावी, हें त्यामागचें धोरण होतें.

याच सुमारास मँचेस्टर विद्यापीठांतहि एक उत्तम गणकयंत्र होतें, आणि त्याची वापरपुस्तिका ॲलन ट्यूरिंग यांच्यासारख्या असामान्य बुद्धीच्या गणितज्ञानें लिहिली होती. परंतु तेथें टेलिप्रिंटरच्या बत्तीस चिन्हांच्या संकेतांतच आंकडे व आज्ञा लिहाव्या लागत, आणि तीं चिन्हें मुखोद्गत करावीं लागत. ट्यूरिंग यांना त्यांत कांहीं अवघड वाटत नसे, इतरांना वाटे. पुढें टोनी ब्रूकर हे केंब्रिजहून मँचेस्टरला गेले आणि १९५४ सालीं त्यांनीं तेथें सूत्रांशीं मिळतीजुळती अशी सोपी 'ऑटोकोड' लेखनपद्धति तयार केली, तेव्हां सामान्य संशोधकाला त्या यंत्राचें दार उघडलें. ज्ञान असणें आणि तें दुसऱ्याला देतां येणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें शिक्षकांना सांगावयास नको.

केंब्रिजची दुसरी देणगी म्हणजे उपआज्ञावलींचा संग्रह. वर्गमूळ काढणें, साइन-कोसाइन काढणें, उत्तर नीट रकान्यांत छापणें, हीं कामें बहुतेक प्रत्येक गणितांत येतात. प्रत्येकानें तीं नव्यानें लिहिलीं तर प्रत्येकजण नव्यानें चुकणार. म्हणून अशा कामांच्या तपासून घेतलेल्या आज्ञावली छिद्रांच्या पट्ट्यांवर तयार करून, त्यांना वर्गवार अक्षरें व क्रमांक देऊन एका कपाटांत ठेवण्यांत आल्या. ज्याला हवी त्यानें पट्टी काढावी, तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरून घ्यावी, आणि मूळ पट्टी जागेवर ठेवावी. ग्रंथालयांतून पुस्तक न्यावें तशी ही पद्धत. १९५१ पर्यंत या संग्रहांत ८७ उपआज्ञावली जमल्या होत्या. त्याच वर्षीं विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ले गिल या तिघांनीं आज्ञावली कशी तयार करावी यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. या विषयावरील तें पहिलें पाठ्यपुस्तक. त्यामुळें ज्यांनीं केंब्रिज कधीं पाहिलें नव्हतें, अशा अमेरिकेंतील व इतर देशांतील अभ्यासकांनाहि ही पद्धत ठाऊक झाली.

१९५० सालच्या सप्टेंबरांत प्रयोगशाळेनें आज्ञावली-रचनेचा पहिला उन्हाळी वर्ग भरविला, आणि पुढें असे वर्ग नियमानें होऊं लागले. १९५१ च्या वर्गाला हॉलंडमधून एड्सखर डायक्स्ट्रा नांवाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आला. तो लायडन येथें सैद्धान्तिक पदार्थविज्ञान शिकत होता, आणि त्या शास्त्रांत उपयोगी पडेल म्हणून तीन आठवडे ही विद्या शिकावी, एवढाच त्याचा बेत होता. प्रत्यक्षांत तीच त्याची आयुष्याची विद्या झाली. १९५२ सालीं ॲम्स्टरडॅमच्या गणित-केंद्रांत तो आज्ञावलीकार म्हणून रुजू झाला. १९५७ सालीं त्याच्या विवाहाच्या नोंदींत 'आज्ञावलीकार' हा व्यवसाय लिहावयास अधिकाऱ्यांनीं नकार दिला, कारण असा कांहीं व्यवसाय आहे हेंच त्यांना मान्य नव्हतें. अखेर 'सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक' असें लिहून काम भागवावें लागलें. याच गृहस्थांना १९७२ सालीं ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

वर्ग संपल्यावर खरें शिक्षण यंत्रापाशींच होई. संशोधकानें आपली आज्ञावली कागदावर लिहावी, ती स्वतः पट्टीवर छिद्रांकित करावी, आणि एका दोरीवर टांगून ठेवावी. धुतलेले कपडे वाळत घालावे तशा त्या पट्ट्या लोंबत असत, आणि यंत्रचालक त्या ओळीनें घेऊन यंत्राला देई. ज्यांची पात्रता पटली होती, अशांना रात्रीं यंत्र स्वतः चालविण्याची मुभा मिळे. यंत्र बंद पडलें वा भलतेंच उत्तर आलें, तर त्या क्षणीं स्मृतींत काय होतें तें छापून देणाऱ्या खास आज्ञावली तयार ठेवलेल्या असत. त्यांना 'पोस्टमॉर्टेम' असेंच नांव होतें. गिल यांनीं तर आज्ञावली पावलापावलानें कशी चालते हें तपासण्याची रीत बसविली आणि चुकांच्या निदानावर १९५१ सालीं स्वतंत्र निबंध लिहिला. चुकांना लाज न मानतां त्यांना अभ्यासाचा विषय करणें, हा या शाळेचा मोठा गुण होय.

या शिक्षणाचें फळ लवकरच दिसूं लागलें. १९५० मध्येंच आनुवंशशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांचा एक प्रश्न यंत्रावर सोडविला गेला. जॉन केन्ड्र्यू हे स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्यानें शोधीत होते. त्यांनीं प्रयोगशाळेंतील जॉन बेनेट यांच्यासह या आंकडेमोडीवर १९५२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. प्रथिनाची पहिली ढोबळ आकृति १९५८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यासाठीं सुमारें ४०० परावर्तनांचीं मापें लागलीं होतीं. १९६० सालच्या अधिक स्पष्ट आकृतीसाठीं सुमारें १०,००० लागलीं, आणि त्यासाठीं पुढचें यंत्र, एड्सॅक २, वापरावें लागलें. एवढा पसारा हातानें आवरणें कोणालाहि शक्य नव्हतें. केन्ड्र्यू यांना १९६२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रेडिओ दुर्बिणींनीं आकाशाचे नकाशे काढणाऱ्या मार्टिन राइल यांनाहि १९७४ सालीं तो मान मिळाला. त्यांची पद्धतहि या यंत्रांच्या आधारावर उभी होती.

या कथेची एक दुसरी बाजूहि आहे. अँड्र्यू हक्सले आणि ॲलन हॉजकिन यांनीं मज्जातंतूंतून विजेचा संदेश कसा वाहतो याचीं समीकरणें मांडलीं, तेव्हां तीं एड्सॅकवर सोडविण्याचा त्यांचा विचार होता. परंतु नेमक्या त्याच वेळीं यंत्र दुरुस्ती-फेरफारासाठीं सुमारें सहा महिने बंद होतें. तेव्हां हक्सले यांनीं हातानें फिरवावयाच्या ब्रुन्स्विगा यंत्रावर कित्येक आठवडे बसून ती सारी आंकडेमोड पुरी केली. १९५२ सालचा त्यांचा निबंध सुप्रसिद्ध आहे, आणि १९६३ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांच्या वांट्याला आलें. याचा अर्थ यंत्राची जरुरी नव्हती असा नव्हे. आंकडेमोडीची पायरी न् पायरी ज्याला स्वतःला ठाऊक असते, त्याचें काम यंत्रावांचून मंदावतें, पण अडत नाहीं, एवढाच याचा अर्थ. केंब्रिजच्या शिक्षणालाहि हेंच अभिप्रेत होतें.

१९५३ च्या ऑक्टोबरांत केंब्रिज विद्यापीठानें या विषयाची एक वर्षाची पदविका सुरू केली. गणकयंत्रांच्या विद्येचा विद्यापीठानें नेमून दिलेला हा जगांतील पहिला अभ्यासक्रम मानला जातो, आणि तो २००८ पर्यंत चालला. मूळचें यंत्र एड्सॅक मात्र ११ जुलै १९५८ रोजींच कायमचें बंद करण्यांत आलें.

आपल्या देशांतहि हीच वाट चोखाळावी लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या पुढाकारानें तेथील तरुण अभियंत्यांनीं एक गणकयंत्र स्वतः बांधलें. १९६० सालीं तें कामास लागलें आणि १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेंतून आणलेलें सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र बसलें, आणि इतर ठिकाणचे संशोधकहि कुलाब्याला आपलीं गणितें घेऊन येऊं लागले. यंत्र देशी असो वा परदेशी, त्याच्याशीं बोलावयाची भाषा प्रत्येकाला शिकावीच लागली.

पुढें काळ पालटला. गणकविद्या हें स्वतंत्र शास्त्र झालें. तिचे निराळे विभाग, निराळे पदवीधर निघाले. यंत्रें स्वस्त झालीं आणि प्रत्येक संशोधकाच्या मेजावर आलीं. परंतु यांतूनच एक उणीव निर्माण झाली. जीवशास्त्राचा वा रसायनाचा विद्यार्थी आज्ञावली लिहूं लागला, पण ती नीट कशी लिहावी, तिचा ताळा कसा पाहावा, हें त्याला कोणी पद्धतशीर शिकवीना. थोरल्या विद्यार्थ्याकडून धाकट्यानें जमेल तसें उचलावें, असा प्रकार होऊन बसला. त्याचें मोल काय द्यावें लागतें, हें २००६ सालीं दिसून आलें. अमेरिकेंतील एका प्रथिन-रचना संशोधकाला आपले पांच निबंध मागें घ्यावे लागले. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आलेल्या एका छोट्या आज्ञावलींत दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. त्यामुळें डावें-उजवें उलटून सारी आकृतीच चुकली, आणि इतरांनीं तशाच प्रथिनाची निराळी रचना प्रसिद्ध करीपर्यंत कित्येक वर्षें ती चूक लपून राहिली. ज्या शास्त्रांत केन्ड्र्यू यांनीं गणकयंत्राच्या बळावर पहिलें पाऊल टाकलें, त्याच शास्त्रांत हें घडावें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९९८ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत सुरू झाला. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनीं तेथील शास्त्रज्ञांसाठीं एक आठवड्याचा वर्ग काढला आणि पुढें त्या उपक्रमाला 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री', म्हणजे सॉफ्टवेअरचें सुतारकाम, असें साधें नांव रूढ झालें. भव्य वास्तु उभारणाऱ्या अभियंत्याची विद्या ही नव्हे. चौकट काटकोनांत बसवावी, सांधा पक्का करावा, एवढी ही कारागिरी. आज्ञावलीचे लहान तुकडे पाडणें, प्रत्येक तुकडा तपासून पाहणें, कोणता बदल केव्हां व कां केला याची नोंद ठेवणें, आणि तेंच तें काम हातानें न करतां यंत्राकडून करविणें, हे तिचे मुख्य धडे. २०१२ च्या सुमारास त्यांचे दोन दिवसांचे वर्ग अनेक देशांत भरूं लागले, आणि २०१८ सालीं अशाच दुसऱ्या उपक्रमाशीं मिळून 'द कार्पेंट्रीज' ही संस्था झाली.

या वर्गांची एक रीत शिक्षकांना विशेष आवडेल. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्या असतात. काम झालें तर एका रंगाची चिठी आपल्या यंत्राला लावावयाची, अडलें तर दुसऱ्या रंगाची. मग मदतनीस न बोलावतां जवळ येतो. शिक्षक फळ्यावर तयार उत्तर दाखवीत नाहीं. सर्वांसमक्ष स्वतः आज्ञा टंकित करतो, त्याच्याहि चुका होतात, आणि त्या तो सर्वांच्या देखत दुरुस्त करतो. मोठ्या माणसांना, त्यांतहि आपापल्या शास्त्रांत पारंगत असलेल्यांना, 'मला हें येत नाहीं' असें म्हणणें जड जातें. तो संकोच मोडल्यावांचून शिक्षणाला आरंभ होत नाहीं.

केंब्रिजच्या दोरीवर लोंबणाऱ्या पट्ट्या आज कोणी पाहिलेल्या नसतील, आणि पाऱ्याच्या नळ्याहि इतिहासजमा झाल्या. हल्लीं तर साध्या बोलभाषेंत सांगितलें असतां आज्ञावली लिहून देणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत; म्हणजे विल्क्स यांच्या पुढें असलेला पहिला मार्ग नव्या रूपानें पुन्हां खुला झाला आहे. लिहून देणारा माणूस असो वा यंत्र, आलेलें उत्तर प्रसिद्ध होतें तें संशोधकाच्या नांवावर. आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून त्या आडांत डोकावून पाहण्याची विद्या त्याच्याजवळ असणें अगत्याचें आहे. १९५० च्या सप्टेंबरांत केंब्रिजला जमलेली मंडळी तीच शिकावयास आलीं होतीं.